समोर बसून जेवणं

एप्रिलचा पहिला मंगळवार, सकाळची ओपीडी, लातूर. हजर: मी, माझे मिस्टर, दातांच्या दवाखान्यातल्या मोठ्या मॅडम आणि त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या दोन डॉक्टर मुली. गैरहजर: माझी नणंद सुमन. ती नांदेडहून पहाटेच निघाली होती, पण तिची बस अहमदपूरच्या अलीकडे बंद पडली होती.

मॅडमनी माझा ओपीजी उजेडाच्या पाटीवर लावला. ओपीजी म्हणजे दोन्ही जबड्यांचा एका लांब पट्टीत येणारा एक्स-रे. उजवीकडचं हाड सलग पांढरं होतं. डावीकडे, खालच्या जबड्यात, साबणाच्या फेसासारखे बुडबुडे होते. मॅडमच्या हातात बायोप्सीचा कागद होता. बायोप्सी म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवणं.

"अमिलोब्लास्टोमा आहे," मॅडम म्हणाल्या. "दात ज्या पेशींपासून तयार होतात, त्या पेशींची गाठ. हा कॅन्सर नाही. पण ही हाड पोखरत पसरते. नुसती खरवडली तर परत येते. त्यामुळे तेवढा जबडा काढावा लागेल."

"तेवढा म्हंजे केवढा?" मिस्टरांनी विचारलं.

मॅडमनी पेनाच्या टोकाने एक्स-रेवर रेघ दाखवली. हनुवटीपासून निघाली ती कानाच्या खाली थांबली.

मला भीती वाटली की मी प्रश्न विचारते. तेव्हाही भराभर विचारले. ऑपरेशन कधी, दवाखान्यात किती दिवस, घरी कुणी लागेल का, बोलता कधी येईल, चावता कधी येईल. मॅडमनी प्रत्येकाचं उत्तर दिलं. चेहरा कसा दिसेल, हे मी विचारलं नाही. सत्तेचाळीस वर्षांची बाई, लेकीच्या वयाच्या दोन डॉक्टरणी समोर उभ्या. त्यांच्यापुढे असलं विचारणं मला शोभेना.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना मी आधीच सांगते. तो प्रश्न पहिल्या दिवशी विचारा. त्याची लाज बाळगू नका. मी बाळगली, आणि पुढचे दोन महिने त्या एकाच प्रश्नाने मला खाल्लं.

सुरुवात संक्रांतीच्या सुमारास झाली होती. डावीकडची एक दाढ हलत होती. लवंगेचं तेल लावलं, मिठाच्या गुळण्या केल्या. गल्लीतल्या डॉक्टरांनी दाढ काढली, पण खड्डा भरून येईना. नंतर गालाच्या खालच्या बाजूला हाताला टणक लागायला लागलं. दुखत नव्हतं, म्हणून मी कामात ढकलत राहिले. न दुखणारी गाठ जास्त दिवस अंगावर काढली जाते, एवढं लक्षात ठेवा.

माझं काम सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्याशी बांधलेलं आहे. लातूरला क्लासेससाठी गावोगावच्या मुली येतात. माझी मुलींची मेस आणि खोल्या आहेत. मिस्टर एका दालमिलमध्ये हिशेबाला असतात, मेस मी बघते. मेसला मोठा बोर्ड नाही, जाहिरात नाही. माझ्याकडे मुली येतात त्या एका रिवाजामुळे.

पहिल्या वर्षी निलंग्याकडचे एक वडील आले होते. स्वयंपाकघर बघितलं, डबे उघडून बघितले आणि म्हणाले, "ते समदं ठीक हाय बाई. तुमी सवता काय खाता?" मी दोन ताटं वाढली, एक त्यांना, एक मला, एकाच भांड्यातलं. त्यांच्या समोर बसून जेवले. तेव्हापासून तोच नियम झाला. नव्या मुलीचे आई-बाप आले की पहिलं ताट त्यांचं, आणि समोर माझं. मुलगी ठेवायची की नाही, हे जेवण झाल्यावर बोलायचं. गावाकडे एकमेकांना सांगताना लोक माझं नाव सांगत नाहीत. म्हणतात, ती समोर बसून जेवणारी बाई.

म्हणजे माझा सगळा धंदा माझ्या तोंडावर उभा होता, आणि तेच आता कापायचं होतं.

ते दुष्काळाचं साल कसं होतं, हे लातूरच्या माणसाला सांगायला नको. नळाला पाणी येणं बंद झालं होतं. मी ताटं माळ्यावर टाकून पत्रावळ्या आणल्या होत्या. डाळ धुतलेलं पाणी झाडाला, तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना. रेल्वेने पाणी येणार म्हणून स्टेशनवर टीव्हीवाले उभे होते. त्या गडबडीत मॅडमचा फोन आला.

"ताई, ऑपरेशन पुढे ढकलावं लागतंय. थिएटरला पाणी लागतं, नंतर वॉर्डातही लागतं. मी आज त्याची खात्री देऊ शकत नाही."

"किती पुढे?"

"तेच सांगता येत नाही. तुम्ही बाहेर करून घ्या. उशीर करू नका."

त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरून बसले. आत ती गाठ हाड खात होती, आणि बाहेर पाणी नव्हतं म्हणून सगळे थांबले होते. मी पोळ्या लाटत होते आणि दर थोड्या वेळाने अंगठ्याने जबडा दाबून बघत होते. सकाळपेक्षा मोठी झाली का? खरंच मोठी वाटायची.

सुमननेच सोडवलं. ती नांदेडला शाळेत शिपाई आहे, बोलायला फटकळ. "वयनी, काय बघत बसलाव? नांदेडला या. आमच्याकडं चार दिवसाआड का होईना, नळ गळून राहिलाय. दवाखाना मी बघून ठिवलाय."

नांदेडचे सर्जन, आम्ही त्यांना सर म्हणतो, कमी बोलणारे होते. त्यांनी सीटी स्कॅन करायला सांगितला. सीटी म्हणजे हाडाचे पापडासारखे पातळ काप करून बघितल्यासारखे फोटो. रिपोर्टची वाट बघत आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. शेजारी उदगीरकडचे एक म्हातारे बाबा होते. आमचंही मूळ गाव तिकडचं, म्हणून मिस्टरांशी त्यांचं लगेच जमलं.

"आता उदगीरचा जिल्हा होतोय म्हणं," बाबा म्हणाले. "मग मोठा दवाखाना तितंच व्हईल. एवढ्या लांब याची पाळी यायची न्हाई."

"लातूरचा जिल्हा होऊन किती वर्सं झाली," मिस्टर म्हणाले. "बायकोला घेऊन नांदेडातच बसलोय की."

"तुमच्या जिल्ह्याला पाणी न्हाई."

"मग तुमच्या जिल्ह्याला कुठून आणताव?"

बाबा म्हणाले, "जिल्हा तर होऊ द्या आधी." सुमन पदर तोंडाला लावून हसली. मलाही हसू आलं, आणि त्याच वेळी वाटलं, हे असं हसणं नंतर जमेल का?

सरांनी ऑपरेशन समजावून सांगितलं. सेगमेंटल मँडिब्युलेक्टॉमी, म्हणजे खालच्या जबड्याचा तेवढा तुकडा काढणं. त्या जागी टायटॅनियमची पट्टी आणि माझ्याच कमरेच्या बाजूचं हाड. वरखालचे दात काही दिवस रबराने बांधून ठेवणार, म्हणजे जबडा हलणार नाही. नाकातून नळी, नंतर पातळ, नंतर मऊ. मी सगळं ऐकत मान हलवत होते.

मग सुमनने विचारलं, "सर, चेहरा कसा दिसंल?"

सरांनी खुर्ची पुढे ओढली. ते सांगायला लागणार होते. मी मध्येच म्हणाले, "ते राहू द्या सर. जूनमध्ये पालक येतात माझ्याकडे. तोवर जेवता येईल का, तेवढं सांगा."

"मऊ अन्न येईल," सर म्हणाले. माझ्याकडे जरा बघितलं आणि कागद पुढे केला. मी सही केली.

ऑपरेशनच्या सकाळी नर्स म्हणाली, अंगावर धातू, दोरा, काही नको. आम्हा लिंगायतांत इष्टलिंग गळ्यात असतं, ते अंगावेगळं करत नाहीत. लग्न झाल्यापासून मी ते काढलेलं नव्हतं. मी नर्सकडे बघत राहिले. मिस्टरांनी हात पुढे केला, माझं लिंग स्वतःच्या गळ्यात घातलं आणि शर्टाचं वरचं बटण लावलं. "दोन्ही माझ्याकडं हायत," ते म्हणाले. "ये निवांत."

शुद्धीवर आले तेव्हा डोकं रांजणाएवढं जड होतं. नाकात नळी, मानेजवळ दुसरी नळी, तिला ड्रेन म्हणतात, त्यातून साचलेलं रक्त बाहेर येतं. बोलता येत नव्हतं. सर म्हणाले, "गाठ पूर्ण निघाली." मी डोळे मिटून घेतले. तो एक क्षण भीती अजिबात नव्हती.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज वाढते. हे नॉर्मल आहे, पण मला माहीत नव्हतं. सुमनने पिशवीतला आरसा आधीच घरी नेऊन ठेवला होता. मला कळलं तेव्हा भीती जास्त वाटली. आरसा लपवावा असं काय झालंय? ड्रेसिंगची स्टीलची ट्रॉली माझ्या पलंगाला लावून उभी होती. तिच्या कडेत मी स्वतःला बघितलं. डावा गाल गळ्यापर्यंत उतरलेला, डोळा बारीक, तोंड उजवीकडे सरकलेलं, हनुवटी कुठे संपते ते कळत नव्हतं. स्टील वाकडं असेल म्हणून मी मान हलवून दुसऱ्या बाजूने बघितलं. तसंच होतं.

त्याच दिवशी समोरच्या पलंगावरच्या बाईची छोटी नात माझ्याकडे बघून आजीच्या पाठीमागे गेली. आजी तिला म्हणाली, "काही न्हाई गं, बाईला लागलंय." पोरगी बाहेर आली नाही. मी भिंतीकडे तोंड केलं आणि डोळ्यांसमोर जून आला. हारीने बसलेले आई-बाप, त्यांच्या हातात पहिला घास, आणि समोर हे.

सर राऊंडला आले. मी हाताने आधी गाल दाखवला, मग चेहऱ्याभोवती बोट फिरवलं. त्यांना कळलं.

"हे मी आधी सांगणार होतो," ते म्हणाले. "आता नीट ऐका. आज दिसते ती सूज आहे, चेहरा नाही. पहिल्या तीन आठवड्यांत बरीच उतरेल, बाकीची काही महिने घेईल. जबड्याची कड डावीकडे थोडी आत गेलेली राहील. हनुवटी किंचित सरकलेली राहील. गळ्याच्या घडीत व्रण राहील, तो फिका पडेल. ओठाचा कोपरा हलवणारी एक नस ताणली गेली आहे, मार्जिनल मँडिब्युलर. ती बहुतेक परत काम करेल, पण वेळ लावेल. ओठाला संवेदना देणारी दुसरी नस गाठीतच होती, ती गेली. म्हणजे खालच्या ओठाला डावीकडे काही कळणार नाही. पाणी ओघळलं तरी कळणार नाही."

खोटा धीर त्यांनी दिला नाही. कायमचं काय, तात्पुरतं काय, हे वेगळं करून दिलं. तसं वेगळं झाल्यावर मला श्वास घेता आला. तुम्हीही डॉक्टरांकडून ते दोन भाग मागून घ्या. न मागितलं तर माणूस सगळंच कायमचं समजून बसतो.

त्यांनी आणखी एक सांगितलं. आरशात घडीघडी बघायचं नाही. आठवड्यातून एकदा, त्याच खिडकीशी, त्याच वेळेला मोबाईलवर फोटो काढायचा आणि आधीच्या फोटोशेजारी ठेवायचा. "रोज बघाल तर फरक कधीच दिसणार नाही."

मी ते पाळलं. पहिल्या दोन फोटोंत काहीच फरक नव्हता. तिसऱ्यात डावा डोळा पूर्ण उघडा होता.

घरी निघताना सुमनने मला स्कार्फ बांधला. लातूर-नांदेडच्या मे महिन्यात गाडीवरच्या सगळ्याच बायका डोक्यापासून गळ्यापर्यंत गुंडाळलेल्या असतात, डोळे तेवढे उघडे. बसमध्ये माझ्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. इतकं बरं वाटलं की घरी आल्यावरही मी तो काढेना. भाजी घ्यायला स्कार्फ, गच्चीवर टँकरची पाइप धरायला स्कार्फ, दूधवाला आला तरी स्कार्फ. सगळे पावसाकडे डोळे लावून बसले होते. मी मनात म्हणत होते, ऊन अजून थोडे दिवस राहू दे. तशा सालात असं मनात येणं बरं नव्हे, पण येत होतं.

रबरं निघाली. तोंड उघडायचे व्यायाम सुरू झाले. आइस्क्रीमच्या काड्या दातांमध्ये एकावर एक ठेवायच्या, दर काही दिवसांनी एक वाढवायची. ओठांसाठी प, फ, ब, भ, म म्हणायचं. मी मेसचाच मेनू म्हणायचे. भात, भाजी, पोळी, पापड, मेथी, बेसन. 'भाकरी' म्हणताना डावीकडून हवा निसटायची. मिस्टर बाहेर पेपर वाचत बसायचे आणि आतून भाकरी भाकरी ऐकू आलं की म्हणायचे, "आन की मग. भूक लागलीया."

जेवायला मात्र मी एकटीच बसायचे, स्वयंपाकघरात, सगळ्यांचं झाल्यावर. वाटीत मऊ भात, मांडीवर टॉवेल.

लोक काय बोलतात ते मिस्टरांनी दालमिलमधून आणलं आणि भाजीवालीने दारात आणून दिलं. मेसवाल्या बाईला तोंडाचा कॅन्सर झाला, मिसरी लावत असेल, जबडाच काढला म्हणे. आता तिच्या हातचं लेकरांनी खायचं कसं? मी आयुष्यात मिसरी लावलेली नाही. पण तोंडाची गाठ म्हटली की आपल्याकडे पुढचं कुणी विचारत नाही. जुन्या दोन मुलींच्या घरून फोन आले, या वर्षी दुसरीकडे सोय केलीय म्हणून.

जूनमध्ये जुन्यांपैकी पहिली परत आली ती भाग्यश्री, हिमायतनगरची. बारावीला जाणार होती. दारात तिने स्वतःचा स्कार्फ सोडला आणि माझ्याकडे बघितलं.

"काकू, तुम्ही घरात का बांधलाय?"

मी काढला. ती बघत राहिली, न लपवता. मग म्हणाली, "एवढंच होय. मला वाटलं अर्धं तोंडच न्हाई."

"कोण म्हणालं?"

"समदेच म्हणून राहिले."

मी तिला पाणी दिलं, स्वतः घेतलं. ती म्हणाली, "काकू, डावीकडून वघळून राहिलंय. तुम्हाला कळत न्हाई का? मी सांगत जाऊ का?"

"सगळ्यांसमोर?"

"मी माझ्या हनुवटीला हात लावीन. मग तुम्ही पुसा."

तरीही पालकांसमोर बसायचं माझं धाडस होईना. मी दुसरी व्यवस्था केली. सुमनला शाळा उघडेपर्यंत बोलावून घेतलं. समोर ती बसेल, बोलेल, जेवेल. मी आत वाढून देईन. कागदावर ही व्यवस्था चोख होती.

पहिले आले ते औशाकडचे एक वडील आणि त्यांची बहीण. सुमन ताटावर बसली. मी दाराच्या आड होते, तिची पाठ मला दिसत होती.

"मालकीण तुमीच का?" वडिलांनी विचारलं.

सुमनला खोटं बोलता येत नाही. "मी नणंद हाय. वयनी आत हायत."

"मंग त्या का न्हाई बसल्या? आमाला तर सांगितलंय बाई सवता जेवती म्हणून."

"त्यांना बरं न्हाई."

पत्रावळीवर बोटं फिरल्याचा आवाज तेवढा येत होता. त्यांनी ताट संपवलं, अन्न टाकलं नाही, नमस्कार केला आणि विचार करून कळवतो म्हणाले. जिन्यात त्यांची बहीण म्हणाली, आणि ते मला स्वच्छ ऐकू आलं, "बाई सवताचं अन्न खाईना झालीया. आपण पोरगी कशी ठिवायची?"

मी लपले होते म्हणून अफवेला पुरावा मिळाला. नुसतं वाकडं तोंड दिसलं असतं, तर लोकांनी वाकडं तोंड म्हटलं असतं. रिकाम्या जागेला त्यांनी कॅन्सर म्हटलं. सुमन पत्रावळी गोळा करत होती. "वयनी, तुमी मारा मला पायजे तर," ती म्हणाली. "पण उद्या तुमीच बसा."

दुसऱ्या दिवशी धर्माबादचे लोक आले, आई, वडील आणि मुलगी. वडील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमालांचे मुकादम. तिकडच्या लोकांच्या बोलण्यात तेलुगूचा हेल असतो. मी वरण-भात, दोडक्याची भाजी, पोळी, ताक वाढलं. माझ्या ताटात वरण-भात कालवून आणि भाजी कुस्करून. एकाच भांड्यातलं, हे त्यांना दिसेल असं वाढलं. मग स्कार्फ सोडून खुंटीला लावला आणि समोर बसले. पाय थरथरत होते. कमरेचं हाड काढलेलं असल्यामुळे खाली बसायलाही वेळ लागला. सुमन आणि भाग्यश्री दाराशी.

आईने बघितलं आणि हात तिथेच थांबला. मुलीने मान खाली घातली ती वर केली नाही. वडील मात्र सरळ बघत होते.

"काय झालं अम्मा तोंडाला? लकवा का?"

मी पाठ केल्यासारखं सांगितलं. "जबड्यात गाठ होती. कॅन्सर नव्हता, रिपोर्ट आहे. तेवढं हाड काढलं आणि कमरेचं बसवलं. ओठ बधिर आहे, म्हणून सांडतं. अन्नाला हात धुऊन लावते, डोक्याला रुमाल बांधते."

"कमरेचं हाड तोंडात?" त्यांनी माझ्या कमरेकडे बघितलं, मग जबड्याकडे. "मग चालता कसं?"

"लंगडत."

आईच्या तोंडून हसू निसटलं, तिने ते लगेच दाबलं. मी पहिला घास घेतला. जीभ उजवीकडे ढकलत, हळूहळू. भाग्यश्रीने हनुवटीला हात लावला. मी पुसलं. दुसरा घास. परत हात. परत पुसलं. एकदा एक शीत कुठे चिकटलं होतं ते मला सापडेना, आणि ते तिघंही ते शीत बघत होते हे मला दिसत होतं. उठून आत जावं असं प्रत्येक घासाला वाटत होतं.

त्यांचं जेवण झालं. माझ्या ताटात निम्म्याहून जास्त होतं. त्यांचे हात वाळायला लागले होते, आणि वाळले की धुवायला पाणी जास्त लागतं. मी म्हणाले, "तुम्ही उठा, हात धुवा. मला वेळ लागतो."

वडील म्हणाले, "पंगतीतून कसं उठायचं अम्मा? एकाचं राहिलं की समदे बसतेत. होऊ द्या सावकाश."

मी तर हेच टाळत होते. त्यांनी जेवता जेवता बघणं वेगळं. आता त्यांना दुसरं कामच नव्हतं. तीन माणसं खरकटे हात मांडीवर धरून बसलेली आणि मी एकटी खाणारी. मी नजर ताटावर ठेवली. थोड्या वेळाने मुकादम सुमनशी बोलायला लागले, धर्माबादला मिरची यंदा किती कमी आली ते. आईने लेकीला विचारलं, भाजी तिखट लागली का. लेक म्हणाली, घरच्यापेक्षा कमी. बोलणं चालू राहिलं आणि मी जेवत राहिले. त्यांनी माझ्याकडे बघणं कधी थांबवलं, ते मला कळलंच नाही.

ताट संपलं. मी हात धुवायला एक तांब्या पाणी दिलं, तिघांनी त्याच तांब्यात भागवलं.

"दोडका कोण केला?" आईने विचारलं.

"मीच."

वडील पायात चपला घालत होते. मुलीला म्हणाले, "गादी खाली ऑटोतच हाय. चल, धर एका बाजूनं."

त्या जूनमध्ये खोल्या भरल्या नाहीत. काही आई-बाप जेवून गेले आणि परत आले नाहीत, एक जण तर मला बघून बसलेच नाहीत. तरी प्रत्येक वेळी स्कार्फ खुंटीला लावून मी समोर बसले. भीती कमी झाली असं म्हणणार नाही. पाय आजही थरथरतात. पण आता मला माहीत आहे की त्या थरथरीतही घास गिळता येतो. नांदेडच्या सरांचे, लातूरच्या मॅडमचे, सुमनचे उपकार मानते. धर्माबादच्या त्या माणसाचेही मानते. त्यांना ते कधी कळणार नाही, त्यांच्या दृष्टीने ते फक्त पंगतीतून उठले नाहीत.

ओठाचा कोपरा थोडा हलायला लागला आहे. दात बसवायला सरांनी दिवाळीनंतर बोलावलं आहे. भाकरी म्हणताना हवा अजून निसटते.

एक काम तेवढं राहिलं आहे. परक्या माणसांसमोर मी जेवते, कारण तो माझा धंदा आहे. मिस्टरांसमोर मात्र अजून जेवलेले नाही. पंचवीस वर्षं आम्ही रात्री समोरासमोर बसून जेवलो. आता त्यांचं झालं की मी आत वाटी घेऊन बसते. काल त्यांनी स्वतः दोन ताटं मांडली आणि वाट बघत बसले. मी म्हणाले, "तुम्ही घ्या, माझं दूध उतू जाईल." दूध गॅसवर नव्हतंच. त्यांना ते दिसत होतं.

"बरं," ते म्हणाले, आणि माझं ताट झाकून ठेवलं.